पाळी आणि ताट: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका प्रोजेक्टच्या नोंदी

४ जून २०२४, मंगळवार

आज लोकसभेचा निकाल, गावातली गडीमाणसं सगळी टीव्हीपुढं, म्हणून म्हटलं आजच घरं फिरून घेऊया, बायका स्वयंपाकघरात एकट्या सापडतील. सापडल्या. चौदा जणी तयार झाल्यात, सगळ्यात लहान सतरा वर्षांची (तिच्या आईला विचारून), सगळ्यात मोठी त्रेचाळीस. नावं कुठंच लिहिणार नाही असं कबूल केलंय, प्रत्येकीला एक वही आणि वहीला नंबर, बस्स. कॉलेजच्या फॉर्मवर विषय आहे 'मासिक पाळीच्या टप्प्यांनुसार स्त्रियांच्या आहारातील बदल', म्हणजे वाचूनच झोप येईल असा, पण गाईड मॅडमना असाच लागतो.

विषय सांगताना मीच जास्त अडखळले. 'मासिक पाळी' म्हटलं की दवाखान्यातली नर्स आल्यासारखं बघतात, 'अडचण' म्हटलं की लगेच कळतं, वही नंबर ९ ची सासू कन्नड आहे ती 'मुट्टु' म्हणते, आणि हायस्कूलच्या पोरी 'डेट आली' म्हणतात. शेवटी वहीत नुसता लाल ठिपका काढायचं ठरवलं, भाषेचा प्रश्न तिथंच मिटला. बेळगावात भाषेचा प्रश्न एवढ्यात मिटलेला पहिल्यांदाच बघितला.

रोज तीन गोष्टी लिहायच्या, काय खाल्लं, किती वेळा भूक लागली आणि पाळी सुरू झाल्यापासून आज कितवा दिवस. दोघींना लिहिता येत नाही, त्यांना एकेक डबी आणि मूठभर चिंचोके दिलेत, भूक लागली की एक चिंचोका डबीत टाकायचा.

९ जून, रविवार

खरं सांगायचं तर हा विषय मी रील्स बघून घेतलाय. एक बाई सांगते की पाळीपासून चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया खा, पुढचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया खा, हार्मोन बॅलन्स होतात. ह्याला सीड सायकलिंग म्हणतात म्हणे. मला वाटलेलं हेच गावात करून बघूया, कारण जवसाची चटणी, तिळाची चटणी, कारळ्याची चटणी आपल्याकडं प्रत्येक घरात बरणीत असतेच, नवीन काही विकत आणायला नको.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला, की ह्याला पुरावा काय. दोन दिवस शोधलं, धड काही नाही. बियांमध्ये चांगली चरबी आहे, मॅग्नेशियम आहे, जस्त आहे, चटणी खाऊन वाईट काहीच होत नाही, पण चौदाव्या दिवशी बरणी बदलली म्हणून इस्ट्रोजेन खाली आणि प्रोजेस्टेरॉन वर असं कुणी नीट दाखवलेलं दिसत नाही. आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "चटणीला कसली गे तारीख? सपली की दुसरी करायची." विषय कट. आता नुसतं बघायचं आणि लिहायचं, कुणाला काही खायला सांगायचं नाही.

१४ जून, शुक्रवार

वही नंबर ६ च्या डबीत एका दिवसात तेवीस चिंचोके! मी खूश, म्हटलं ही बघा पाळीच्या आधीची भूक, ग्राफ काढायला बसले पण. संध्याकाळी कळलं तिची दोन पोरं डबीतले चिंचोके घेऊन खेळली आणि परत भरताना जेवढे हाताला आले तेवढे टाकले. आता डब्या उंच फळीवर ठेवायला सांगितल्यात. नंबर ६ चे पहिले दहा दिवस बाद.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. लग्न झालेल्या सगळ्या जणी उपाशी, चहा सोडून. वहीत आजचं पान रिकामं, एकीनं तेवढं लिहिलंय 'फणसाचे चार गरे, डोकं दुखतंय'.

मोकळा वेळ होता म्हणून लोहाचं गणित मांडलं, आणि हे मला आधीच करायला पाहिजे होतं. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर जास्त समजायचं. एक मिलिलीटर रक्तात लोह अंदाजे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम नुसतं पाळीत गेलं, हे रोजच्या बारीकसारीक झिजेच्या वरती. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह खायला सांगितलंय, पुरुषाला १९, आणि सोळा ते अठराच्या मुलीला ३२. एवढं खायचं कारण आपल्या जेवणातल्या लोहातलं शंभरातलं जेमतेम आठच्या आसपास अंगी लागतं असं धरलेलं असतं, बाकीचं तसंच बाहेर. म्हणजे घरातल्या कर्त्या गड्यापेक्षा सतरा वर्षांच्या पोरीला लोह जास्त लागतं, आणि सुक्क्या मटणातली फोड कुणाच्या ताटात जाते ते मी लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

गुळाचंही बघितलं. 'अडचणीत गूळ खा, रक्त भरतं' हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. दहा ग्रॅमच्या खड्यात लोह निघतं अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. गूळ गोड लागतो, पोटाला बरं वाटतं, खावा की, पण २९ च्या हिशेबात तो चिल्लर आहे. त्यापेक्षा हुलगे बरे, शंभर ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅम, आणि हुलग्याचं माडगं तर इकडं पावसाळ्यात होतंच.

२ जुलै, मंगळवार

स्वतःवर प्रयोग. महिनाभर सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, अंथरुणातून उठायच्या आत थर्मामीटर तोंडात धरतेय, आई म्हणते हिला कायमचा ताप आलाय. सोळाव्या दिवसापर्यंत ३६.३ च्या आसपास होतं, मग ३६.६, ३६.७ आणि तिथंच बसलं. पुस्तकात जसं लिहिलंय तसंच, बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि त्यामुळं अंग अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर गरम राहतं, पाळी आली की परत खाली. थर्मामीटरवर हे स्वतःच्या अंगाचं बघून मला जे काय वाटलं ते परीक्षेत मार्क पडून कधी वाटलं नाही.

ह्या दुसऱ्या अर्ध्यात शरीर बसल्या जागी थोडं जास्त जाळतं आणि भूकही थोडी वाढते, अभ्यासांत सरासरी दिवसाला शंभर-दीडशे कॅलरीच्या घरात फरक येतो, म्हणजे फार तर एक जास्तीची भाकरी. रील्समध्ये 'पाळीच्या आधी वाट्टेल ते खा, बॉडी मागतेय' म्हणतात तेवढं नाही आणि 'हे सगळं मनाचे खेळ' म्हणतात तसंही नाही.

माझी एक मोठी चूक पण आज सापडली. मी सगळ्यांचे २८ दिवस धरून सरळ चार आठवडे पाडले होते. वह्यांत बघितलं तर कुणाची पाळी २४ दिवसांनी आली, कुणाची ३१, आणि सतरा वर्षांच्या पोरीची ३७ दिवसांनी. ह्या वयात असा उशीर चालतो, घाबरायचं कारण नाही. पण माझे टप्पे सगळे चुकले ना. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला, बारा ते चौदा दिवस, लांबतो-आखडतो तो त्याच्या आधीचा. म्हणजे पुढची पाळी आल्यावर मागं मोजत जायचं. पुढून मोजलं की चुकलं. सगळे तक्ते परत.

११ जुलै, गुरुवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज प्रोजेक्टच बदलला.

रोप लावण चालू आहे. चिखलात दिवसभर वाकून बायकांची कंबर राहत नाही, त्यात पाळी असली तरी शेतात सुट्टी नाही, बाजूला बसायचं ते फक्त घरात. हे कोडं मला कधी सुटलं नाही, देवघराला चालत नाही, लोणच्याला चालत नाही आणि चिखलाला चालतं.

वही नंबर ४ आणि नंबर ५ एकाच घरातल्या जावा. काल मी त्यांच्याकडं वह्या बघायला गेले, पाऊस असा लागला की शेवटची बस येईचना (सरकारच्या शक्ती योजनेमुळं बायकांना तिकीट फुकट आहे पण बसच नाही तर काय उपयोग), म्हणून तिथंच राहिले. नंबर ४ चा दुसरा दिवस होता. सोप्यात कोपऱ्यात पोतं टाकून बसलेली. पावणेआठला धाकट्या जावेनं तिला ताट आणून दिलं, लांबून सरकवलं, पण गरम भात, हुलग्याची आमटी, वर सुक्या बांगड्याचा तुकडा. तिनं निवांत जेवून घेतलं. मग पोरं बसली, मग सासरा आणि दोन भाऊ, मग सासू आणि मी, आणि ज्या नंबर ५ नं सगळ्यांना वाढलं ती सव्वादहाला बसली तेव्हा भात होता, आमटीत नुसतं पाणी, बांगडा संपलेला. तिनं चटणी घेतली, आणि वर कपभर चहा करून प्याली कारण 'पोट भरल्यासारखं वाटतंय'.

मी वही उघडून बघितलं, नंबर ५ चा आजचा दिवस पाळीच्या चार-पाच दिवस आधीचा असणार. म्हणजे भूक जिची वाढलेली तिला पाणी, आणि जी बाजूला बसली तिला बांगडा. मी विचारलं, अहो वैनी, तुम्ही आधी का नाही बसला? नंबर ५ हसली, "मी बसलो तर वाढणार कोण? थांबा की, चार दिवसांनी माझी अडचण येतीया, मग मीबी गरम जेवतो." (आमच्याकडं बायका 'मी जेवतो, मी आलो' असंच बोलतात, कॉलेजात पहिल्या वर्षी मला ह्यावरनं हसले होते, मी तिकडं सवय मोडली, इथं आलं की आपोआप परत येते.)

रात्रभर झोप नाही. बाजूला बसवणं वाईट हे मी दहावीपासून भाषणात म्हणत आलेय आणि अजूनही म्हणते, पोत्यावर झोपवणं, लांबून ताट सरकवणं ह्यात चांगलं काहीच नाही. पण महिन्यातले तेवढेच चार दिवस असे की ह्या बाईला कुणीतरी वाढतं आणि ती शेवटची जेवत नाही. माझ्या वहीत हा कॉलमच नव्हता! मी काय खाल्लं विचारलं, किती भूक विचारलं, कुणाच्या नंतर जेवलात हे विचारलंच नाही. आजपासून चौथा कॉलम, 'कितव्या पंगतीला'.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. साबुदाणा, शेंगा, रताळं, चहा, चहा, चहा. पुढं.

२६ जुलै, शुक्रवार

मलप्रभेला पूर, तीन दिवस बेळगावला जाता आलं नाही, मोबाईलला रेंज खिडकीत उभं राहिलं तरच. मिळाला तेवढा अभ्यास वाचून काढला.

पाळीच्या आधी चिडचिड, छाती दुखणं, अंग सुजल्यासारखं होणं ह्यावर कॅल्शियमचा एक जुना अमेरिकन ट्रायल आहे, १९९८ चा, रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तिसऱ्या पाळीपर्यंत त्रास ४८ टक्के कमी झाला. पण खोटी गोळी घेणाऱ्या बायकांचा पण ३० टक्के कमी झाला! म्हणजे कुणीतरी दर महिन्याला 'तुम्हाला काय होतंय' असं विचारलं तरी बराच फरक पडतो की काय. माझ्या चौदा जणींना पण मी रोज विचारतेय, हे रिपोर्टमध्ये लिहायला लागणार, माझ्या विचारण्यानंच काही बदललं असेल.

आपल्याकडं गोळीच्या आधी नाचणी आहे. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. पूर्वी ह्या भागात डोंगरउतारावर नाचणी असायची, आज्जी सांगते सकाळी सगळ्यांना आंबील, आता रेशनचा तांदूळ आला आणि नाचणी आजारी माणसाचं खाणं झालं. आंबील रात्री भिजवून आंबवतात ते पण शहाणपणाचं आहे, धान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, लोह धरून ठेवतं ते भिजवल्या-आंबवल्यानं कमी होतं. मोड आणलेल्या नाचणीचंही तसंच.

पोटाचं एक राहिलं. बऱ्याच वह्यांत पाळीच्या आधी 'पोट साफ नाही' आणि पहिल्या दिवशी 'चारदा परसाकडं'. बायका म्हणतात काहीतरी उलटसुलट खाण्यात आलं. खाण्याचा त्यात फार हात नाही, प्रोजेस्टेरॉन आतडं सुस्त करतं, आणि पाळी सुरू होताना गर्भाशय आवळायला जे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं ते शेजारच्या आतड्यालाही ढोसतं. हे मी नंबर ११ ला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग त्या दिवशी मी उगंच त्या बिचाऱ्या भज्यांना शिव्या घातलो."

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला, पहिला दिवसच सोमवार. आता महिनाभर मासे, खेकडे, अंडं सगळं बंद. आषाढात चढणीच्या माशांमुळं ताटात जे पटकन अंगी लागणारं लोह होतं ते गेलं, उरलं डाळी-पालेभाज्यांतलं, जे हळू लागतं. पण श्रावणात टाकळा आहे, कुर्डू आहे, अळू आहे, शेवग्याचा पाला आहे, भाज्या फुकटच्या, फक्त वर लिंबू पिळायला पाहिजे.

आणि लिंबावरनं आज आज्जीशी भांडण. पाळीत आंबट अजिबात नाही, लिंबू नाही, ताक नाही, चिंच नाही, आमसूल नाही, 'अंगावर जास्त जातं, पोटात गोळा येतो'. आंबटानं रक्त जास्त जातं ह्याला कसलाच आधार नाही, उलट लिंबातलं सी जीवनसत्त्व भाजीतलं लोह आतड्याला घेता येईल अशा रूपात आणतं. म्हणजे रक्त जायच्या दिवसांतच रक्त भरायची चावी बंद. आज्जीनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मी ऐंशी वर्सं आंबट न खाता काढली, तू मला लिंबू शिकवूलैस?" मी गप्प. पण रात्री टाकळ्याच्या भाजीवर तिनं सगळ्यांच्या ताटात लिंबू पिळलं, 'अडचण नसलेल्यांना चालतंय की' म्हणून. ठीक आहे, अडचण नसलेले दिवस महिन्यात सव्वीस असतात, मला तेवढे पुरतात.

एक बारीक गोष्ट, तवा. दहा-बारा घरांत भाकरीचा तवा लोखंडी आहे पण भाजीला जर्मनची (ॲल्युमिनियमची) कढई नाहीतर नॉनस्टिक. लोखंडी कढईत शिजवलं, त्यातून टोमॅटो-चिंचेचं आंबट असलं, तर कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. जुन्या कढया माळ्यावर आहेत, गंजतात म्हणून टाकल्यात.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आमच्या बाजूच्या एका गावात हिमोग्लोबिन तपासणी होती, माझ्या चौदातल्या अकरा जणी चालत गेल्या. पट्ट्या सात जणींपुरत्याच उरल्या होत्या, बाकीच्यांना 'नंतर या'. नंतर म्हणजे कधी ते कुणी सांगितलं नाही. रोजगार बुडवून गेलेल्या बाया.

सातातल्या पाच जणी बाराच्या खाली. बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी, हा गर्भार नसलेल्या बाईचा आकडा. देशाच्या २०१९-२१ च्या पाहणीत कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ४७.८ टक्के ॲनिमिया निघाला होता, म्हणजे जवळजवळ निम्म्या, म्हणून आश्चर्य काही नाही, पण ओळखीचा चेहरा समोर असला की आकडा वेगळा लागतो. नंबर ८ ची ८.४ निघाली. तिच्या वहीत लाल ठिपके मोजले तर सलग दहा, मागच्या महिन्यात नऊ, आणि ती म्हणते गाठी पडतात, कापड तासा-दीड तासाला बदलायला लागतं. हे हुलग्या-लिंबानं बरं होणारं काम नाही. सात दिवसांच्या वर, गाठी, दर तासाला बदलणं ह्यातलं काहीही असलं तर आधी डॉक्टर. आशाताई तिला घेऊन जाणार आहे, तिच्या नवऱ्याशी बोलायचं काम पण आशाताईनंच केलं, मी तिथं नुसती उभी.

लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारलं तर सगळ्या घरांत पाकिटं आहेत, डब्यात. निळ्या पोरींच्या, आठवड्याला एक, लाल मोठ्या बायकांच्या. खात का नाही? मळमळतं, आणि संडास काळी होते म्हणून घाबरून बंद केली. काळी होणारच, न शोषलेलं लोह आहे ते, हे गोळी देताना एका वाक्यात सांगितलं असतं तर पाकिटं डब्यात पडली नसती. अजून एक वाचलं, गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं, म्हणून ज्यांना रोजची झेपत नाही त्यांना डॉक्टर कधी दिवसाआड देतात. पण आपल्या मनानं बदलायचं नाही हे मी चारदा सांगितलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

अडीच महिने झाले, मागून मोजून टप्पे परत पाडले, चौदातल्या दहा वह्या वापरण्यासारख्या. (नंबर ६ चे चिंचोके शेवटपर्यंत भरवशाचे झाले नाहीत, एक गोव्याला कामाला गेली, एक गर्भार राहिली, पेढे मिळाले, वही थांबली, आणि एकीच्या नवऱ्यानं वही फाडली, त्याबद्दल इथं लिहीत नाही.)

दहातल्या सात जणींची भूक पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढलेली दिसते. परदेशातल्या लेखांत ह्या दिवसांत सगळ्या चॉकलेट मागतात, माझ्या वह्यांत एकदाही चॉकलेट नाही, आहेत ते तिखट लावलेले चिरमुरे, मिरचीभजी, चिंच-मीठ, आणि सतरा वर्षांच्या पोरीचं गोबी मंचुरी. शरीर थोडं जास्त मागतं एवढंच, काय मागायचं ते गावातली गाडी ठरवते.

पण मागितल्यावर मिळालं काय? त्याच आठवड्यात सातांपैकी सहा जणी जवळजवळ रोज शेवटच्या पंगतीला. वाढलेल्या भुकेवर बऱ्याच वेळा चहा टाकलाय, दुपारी एक, चारला एक, रात्री जेवणावर एक. साखरेनं तात्पुरतं भागतं आणि जेवणाला लागून घेतलेला चहा त्यातल्या टॅनिनमुळं भाजी-डाळीतलं लोह निम्म्याहून जास्त अडवतो. आणि पाळीच्या चार दिवसांत? लवकर जेवण, गरम, पहिल्या-दुसऱ्या पंगतीला, फक्त आंबट नाही. एकत्र कुटुंबातल्या बायकांचं हे असं. ज्या दोघी नवराबायको वेगळं राहतात त्यांचं उलटं, पाळीत पण स्वतःच रांधायचं, कंबर धरून, आणि त्यांच्या वहीत पहिल्या दिवशी 'चहा-खारी'.

मॅडमना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या हे न्यूट्रिशन नाही, सोशिऑलॉजी झालं. मी म्हटलं मॅडम बांगडा कुणाच्या पोटात गेला हे न्यूट्रिशन नाही तर काय. थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, बरं, तक्ता पाठव.

२ सप्टेंबर, सोमवार

काही सांगायचं नाही हा नियम मीच मोडला. बायकांनीच धरलं, 'एवढं लिहून घेतलीस, आता काय करायचं ते तरी सांग की'. भजनाला जमल्या तेव्हा देवळाच्या पायरीवर बसून बोललो. रात्रीचा चहा जेवणानंतर तासभर पुढं ढकलायचा, हे सगळ्यांना पटलं, कारण फुकट आहे. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. तारीख जवळ आली की दुपारच्या चहाबरोबरचं काहीतरी, मूठभर फुटाणे, शेंगा, कारळ्याच्या चटणीबरोबर अर्धी भाकरी, चहा मात्र थोडा थांबून. माळ्यावरची कढई खाली काढायची. आणि पंगत? इथं सगळ्या गप्प. नंबर ५ म्हणाली, "ते तू आमच्या मामंजीस्नी सांग." हशा. पण नंबर ४ हसली नाही, ती म्हणाली आमटी वाढायच्या आधीच दोन वाट्या बाजूला काढून झाकून ठेवली तर कुणाला काय कळतंय. दोघी जावांनी एकमेकींकडं बघितलं. मी ह्यातलं काहीच सुचवलं नव्हतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती झाले आणि माझा सप्टेंबरचा डेटा गेला. चौघींनी पाळी पुढं ढकलायची गोळी घेतली, गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य कोण करणार म्हणून. दोघींनी डॉक्टरला विचारून, दोघींनी मेडिकलमधनं थेट. ही गोळी प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करते, गोळी चालू आहे तोवर गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी. रक्ताच्या गुठळीचा त्रास झालेला असेल, यकृताचं दुखणं असेल, अर्धशिशी असेल तर ही परस्पर घ्यायची गोष्ट नाही. नंबर ११ ला अर्धशिशी आहे, मी बोलले तेव्हा गोळ्या घेऊन झाल्या होत्या. तिला काही झालं नाही, पण पुढच्या वेळी मला आधी सांगायचं असं तिच्याकडनं वदवून घेतलं.

सणात अजून एक, पाच दिवस रांधणाऱ्या बायकांच्या वह्यांत जेवणाची वेळ दुपारी साडेतीन, रात्री अकरा. मोदक एकीनेच खाल्लाय, अर्धा.

२९ सप्टेंबर, रविवार

रताळ्याची काढणी सुरू झाली, निम्म्या बायका तिकडं रोजानं. शेतातच भाजलेली रताळी खातात, वहीत दुपारचं पान ह्या आठवड्यात बरंय.

रिपोर्ट बांधायला दिला. मॅडमनी दहा जणींवरनं काही सिद्ध होत नाही हे वाक्य पहिल्याच पानावर टाकायला लावलं, बरोबरच आहे, हिमोग्लोबिन वाढलं की नाही हे मला माहीत नाही, तीन-चार आठवडे चहा सरकवून ते कळणार पण नाही. नंबर ८ ची सोनोग्राफी झाली, गर्भाशयात गाठ आहे, औषध चालू, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. कढया किती जणींनी काढल्या? तीन. एकीनं परत माळ्यावर ठेवली, भाजी काळी दिसते म्हणून नवरा ओरडला.

वह्या परत द्यायला गेले तर नंबर ५ म्हणाली, ठेव की, मी अजून लिहितोय. तिची वही चाळली. कालच्या पानावर लाल ठिपका नाही, बाविसावा दिवस, आणि तिच्या त्या तिरक्या अक्षरात: 'भाकरी दीड, शेवग्याचा पाला, आमटी आदीच काडून ठेवलेली. दुसरी पंगत. अक्का वाडली. चा नंतर.'